जर्मनीत विद्यार्थ्यांना दिवाळीला घरी बोलावताय? या चुका टाळा

मी जर्मनीत युनिव्हर्सिटीत शिकवते आणि दरवर्षी दिवाळीत वर्गातल्या पोरांना घरी फराळाला बोलावते. इथे हिवाळी सेमिस्टरचे तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, म्हणजे भारतातून नवीन आलेली मुलं जेमतेम रुळतायत तोवर दिवाळी येते, घरापासून लांबची पहिलीच, त्यामुळे हा दिवस नीट व्हावा असं मला फार वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं आधीच करून ठेवणं. पहिल्या वर्षी मी तेच केलं, टेबल भरलेलं, रांगोळी काढलेली, आणि पोरं बिचारी सोफ्यावर अवघडून बसली. आता मी करंजीचं सारण तेवढं तयार ठेवते, लाटणं, भरणं, कातणं त्यांच्यावर. एका मुलाने कातणं हातात घेतलं आणि म्हणाला मॅडम, आमच्याकडे हे काम आजीचं, आणि लगेच व्हिडिओ कॉल लावला. इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा, पण आजी जागी होती. नंतर ती सगळ्या जर्मन मुलांना कडा कशा दाबायच्या ते मराठीतून सांगत बसली आणि त्यांना ते कळलं पण.

दुसरी चूक आग्रहाची. जर्मन मूल नको म्हणालं की खरंच नको असतं, आणि ताटात टाकायचं नाही म्हणून वाढलेलं सगळं ते कसंबसं संपवतं, मग आपण रिकामं ताट बघून अजून वाढतो. आपली मुलं मात्र पहिल्यांदा संकोचाने नको म्हणतात, त्यांना दुसऱ्यांदा विचारायलाच पाहिजे. मी सरळ सगळ्यांना आपापलं घ्यायला सांगते आणि आपल्या पोरांच्या मागे तेवढी लागते.

काय खात नाही हे आठवडाभर आधी विचारा. व्हीगन मुलं बरीच असतात, त्यांना तुपातले लाडू चालत नाहीत. चिवड्यात शेंगदाणे असतात ते सांगा. आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, ग्लुटेन न चालणाऱ्याला बेसनाची शेवही बाधू शकते, त्यामुळे डबीवर वाचून घ्या.

रविवारी इथे दुकानं बंद. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारीच आहे, तेव्हा सामान शनिवारपर्यंत आणा. मैद्यासाठी ४०५ नंबरचं पीठ घ्या.

चकल्या मऊ पडत असतील तर बहुतेक तेल गार झालेलं असतं, इलेक्ट्रिक शेगडी तापायला वेळ घेते, म्हणून एका वेळी तीन-चारच सोडा. तळण आदल्या दिवशी खिडकी उघडून करा नाहीतर स्मोक अलार्म वाजतो. चिवडा सादळला तर ओव्हनमध्ये मंद आचेवर दहा मिनिटं पसरून ठेवा.

पणत्या जिन्यात ठेवू नका, ती सगळ्या बिल्डिंगची बाहेर पडायची वाट आहे, खिडकीत काचेच्या वाटीत ठेवा. फटाके विसरा, ते इथे फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवता येतात, फुलबाज्या मात्र वर्षभर चालतात. रात्री दहानंतर आवाज कमी, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी थोडा फराळ देऊन तसं सांगून ठेवा.

आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या महिनाभर आधीपासून जमवा, कारण जाताना प्रत्येकाच्या हातात चिवडा द्यायचाय, रूमवर एकटं बसून खायला.