गुडघा बदलूनही दुखतंय? आधी दुखण्याची वही करा

ऑपरेशननंतर पहिले तीनेक महिने दुखणारच. पण त्यानंतरही रोज दुखत असेल, तर ‘वयाप्रमाणे चालायचंच’ असं कुणी म्हटलं म्हणून गप्प बसू नका. साधारण पाचांतल्या एकाचं दुखणं असं रेंगाळतं. मी त्यातलीच, उजव्या गुडघ्याची.

मला सर्वांत उपयोगी पडली ती वही. नुसतं ‘फार दुखतं’ सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. कधी, कुठे, कसं ते लिहा. उठल्यावर पहिली चार पावलं टाकतानाच कळ येते? मग बसवलेला कृत्रिम सांधा हाडात सैल झालाय का, ते एक्स-रेवर बघतात. रात्री पडल्या पडल्या ठणकतो? जंतुसंसर्गासाठी ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या करतात, आणि गरज पडली तर गुडघ्यातलं पाणी काढून तपासतात. जिना उतरताना वाटीपाशी दुखतं, गुडघा दगा देईलसं वाटतं, हेही लिहा. साडी घासली तरी आग होते? ते नसेचं दुखणं असू शकतं, त्याच्या गोळ्या वेगळ्या. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला बधिर लागतं, ते मात्र बहुतेकांना होतं. कंबर आणि खुबाही तपासून घ्याच. माझं संध्याकाळचं दुखणं बरंचसं कमरेतून उतरत होतं, आणि ते वहीमुळेच लक्षात आलं.

घरात कामाचे तुकडे पाडा. कणीक मळली की बसा, पोळ्या नंतर. ओट्याशी उंच स्टूल हवंच. बरं वाटतंय म्हणून त्याच दिवशी माळा आवरायला काढू नका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पडल्यावर गुडघ्याखाली उशी नको, पाय वाकलेलाच राहतो; टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. हळदीकुंकवाला गेलात तर खुर्ची मागून घ्या, त्यात संकोच कसला!

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नका. मूत्रपिंड, पोट आणि बीपी, तिन्हींना त्रास होतो.

ताप, गुडघ्याला लाली, व्रणातून पाणी, पोटरीला सूज: त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळात जा.

आणि कुणी पुन्हा ऑपरेशन सुचवलं, तर नेमकं कारण विचारा. कारण सापडलेलं नसताना केलेल्या ऑपरेशनने दुखणं थांबेलच असं नाही. डिस्चार्ज कार्ड, जुने-नवे एक्स-रे आणि ही वही घेऊन आधी दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.