जलसंधारण अनुदानाची तयारी: आधी पाणीपातळी मोजा

अनुदानाच्या प्रस्तावाला लागणारे बाकी सगळे कागद उशिरा का होईना, पण मिळतात. कामापूर्वीची पाणीपातळी आणि कामापूर्वीची छायाचित्रे मात्र एकदा खोदकाम सुरू झाले की कोणत्याही कार्यालयातून मिळत नाहीत. म्हणून योजना कोणती, अर्ज कोठे करायचा, ठेकेदार कोण, हे ठरण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी बोअरची पातळी मोजावी आणि लिहून ठेवावी. गेल्या वेळी आमच्या वसाहतीत पुनर्भरणाचे, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचे, काम चांगले झाले होते, पाणी वाढल्याचे सर्वांना दिसत होते. परंतु आधी ते किती होते हे दाखवणारा एकही कागद आमच्याकडे नसल्याने अनुदानाचा शेवटचा हप्ता अडकला. पुण्यातील गृहरचना संस्था आणि आसपासच्या तालुक्यांतील ग्रामपंचायती यांच्यावर ती वेळ येऊ नये, यासाठी ही यादी आहे.

योजना निवडताना अर्जदार म्हणून आपण कोण आहोत, हे आधी पाहावे. ग्रामपंचायत असेल तर केंद्रीय वित्त आयोगाचा निधी पाहावा. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्यातील ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरता येणारा, होता आणि या बंधित भागाचा निम्मा वाटा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संचय आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता. मात्र काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर निधी असूनही उपयोग नाही, त्यामुळे ग्रामसभेत ते काम आराखड्यात घालून घेणे ही पहिली पायरी ठरते. तलावातील गाळ काढण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणि पाणलोटाच्या कामांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेला जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा आहे. केंद्राची अटल भूजल योजना मात्र २०२० पासून पाच वर्षांसाठी आखलेली आणि महाराष्ट्रासह सात राज्यांतील ठरावीक गावांपुरतीच होती; त्यामुळे त्यात वेळ घालवू नये. शहरातील गृहरचना संस्थेला यांपैकी बहुतेक योजना लागू होत नाहीत. तिच्यासाठी लोकप्रतिनिधींच्या निधीतून होणारी कामे आणि पुणे महापालिकेची मिळकतकरातील सवलत हे दोन मार्ग उरतात, आणि सवलत म्हणजे अनुदान नव्हे. ती प्रकल्प पूर्ण होऊन चालू राहिला तरच मिळते. कोणतीही योजना निवडली तरी तिचा मूळ शासन निर्णय आणि त्यानंतरची शुद्धिपत्रके राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून काढून स्वतः वाचावीत. ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या अटींवर विसंबून प्रस्ताव करू नये.

नव्या इमारतींनी आणखी एक गोष्ट तपासावी. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे जे काम विकसकाने आधीच करायला हवे होते तेच पुन्हा प्रस्तावात मांडले तर प्रश्न विचारला जाणारच. आपला प्रस्ताव त्यापलीकडे काय करणार आहे, हे स्पष्ट लिहावे.

आता तांत्रिक भाग. पुण्याखाली बेसाल्ट खडक आहे. त्यातील कठीण थरांत पाणी मुरत नाही. ते भेगांतून आणि झिजलेल्या, सच्छिद्र थरांतूनच खाली जाते. त्यामुळे शेजारच्या सोसायटीचा खड्डा यशस्वी झाला म्हणून आपलाही होईल, असे धरून चालू नये. राज्य शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. जागेची पाहणी जाणकार भूवैज्ञानिकाकडून करून घ्यावी आणि त्याचा लेखी अहवाल प्रस्तावाला जोडावा. पाण्याचा हिशेब साधा असतो: ५०० चौरस मीटर छप्पर, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती येते असे धरले, तर २ लाख ८० हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर. हा आकडा प्रस्तावात जरूर द्यावा, परंतु तो अंदाज आहे, पुरावा नव्हे. पुरावा कामापूर्वीच्या नोंदीचाच असतो.

ती नोंद कशी घ्यावी, हे सविस्तर सांगतो, कारण येथेच सर्वांची घाई होते. पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवावा, सकाळी मोजावे, आणि प्रत्येक वेळी केसिंग पाइपच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या) तोंडापासूनच मोजावे. एकदा जमिनीपासून आणि एकदा पाइपपासून मोजले की दोन्ही आकडे निरुपयोगी होतात. मे महिन्यातील नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण पाणी तेव्हा सर्वांत खाली असते, आणि तिच्या जोडीला पावसाळ्यानंतरची ऑक्टोबरमधील नोंद हवी. ज्या बोअरला पुनर्भरण करायचे नाही अशा जवळच्या एका बोअरची पातळीही त्याच दिवशी मोजावी, म्हणजे वाढ आपल्या कामामुळे झाली की त्या वर्षीच्या चांगल्या पावसामुळे, या प्रश्नाला उत्तर देता येते. मागील वर्षभराची टँकरची बिले एकत्र करावीत. छायाचित्रे जिओटॅग असलेली, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवणारी, तारीख दिसणारी आणि त्याच कोपऱ्यातून पुन्हा काढता येतील अशी असावीत. नोंदवहीवर अध्यक्ष आणि सचिव यांच्यासह दोन सभासदांच्या सह्या घ्याव्यात, आणि हे सारे एका माणसाच्या मोबाइलमध्ये न ठेवता संस्थेच्या दप्तरात ठेवावे.

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बँक खाते, लेखापरीक्षण अहवाल हे नेहमीचेच. केंद्राच्या निधीसाठी अर्ज करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरील नोंदणी लागते. सर्वसाधारण सभेच्या ठरावात कामाचे नाव, जागा, लोकवाटा (खर्चातील आपला हिस्सा) आणि पुढील देखभालीची जबाबदारी हे चारही उल्लेख हवेत; ‘जलसंधारणाचे काम करण्यास मंजुरी’ एवढाच मोघम ठराव परत येतो. जागेच्या बाबतीत अधिक सावध राहावे. अनेक संस्थांचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर होणे) झालेले नसते आणि मालमत्ता पत्रकावर अजून विकसकाचे किंवा मूळ मालकाचे नाव असते. अशा वेळी त्याची लेखी संमती अर्जाआधीच घ्यावी लागते. गावात सातबाऱ्यावरील सर्व सहहिस्सेदारांची संमती घ्यावी, एकाची पुरत नाही.

अंदाजपत्रक शासकीय दरसूचीप्रमाणे करून घ्यावे. त्यानंतर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश हाती येईपर्यंत एक कुदळसुद्धा मारू नये. पुण्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो आणि मान्यता नेमकी तेव्हाच रखडलेली असते, त्यामुळे ‘खड्डा तरी घेऊन ठेवू’ असे कोणीतरी म्हणतेच. ते ऐकू नये. आदेशापूर्वीचा खर्च सहसा ग्राह्य धरत नाहीत, शिवाय त्या खड्ड्याबरोबर कामापूर्वीची स्थितीही कायमची नाहीशी होते. आदेश मिळाल्यावर, यंत्र आत येण्याच्या दिवशी सकाळी, पातळी आणि छायाचित्रे पुन्हा एकदा घ्यावीत. आधी घेतली असली तरी घ्यावीत.

काम चालू असताना बुजवले जाणारे प्रत्येक थर बुजण्यापूर्वी अभियंत्याकडून मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवून घ्यावेत. गच्चीवरील पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि गाळणी यांत काटकसर करू नये, अन्यथा घाण थेट भूजलात जाते. बिले जीएसटीची असावीत, देयके धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावीत.

शेवटी पूर्णत्वाचा दाखला, लेखापरीक्षित खर्चपत्रक आणि निधी ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्राच्या निधीला हे प्रमाणपत्र केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-ए या नमुन्यात लागते. अनुदान स्वतंत्र खात्यात ठेवावे आणि त्यावरील व्याजही हिशेबात दाखवावे. प्रमाणपत्राबरोबर कामापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी जोडून त्यांची पोच घ्यावी. गाळणी दर पावसाळ्यापूर्वी साफ करण्याचा खर्च संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात घालावा.