मुंबईतली सुटी कमी खर्चात: आधी स्टेशन ठरवावे

मुंबईत राहणाऱ्या कुटुंबाने सुटीचा दिवस बाहेर घालवायचा ठरवले, तर पैसे प्रवेशशुल्कात कमी आणि रिक्षा, टॅक्सी व हॉटेलात जास्त जातात. बेत आखताना आपण आवडीची तीन-चार ठिकाणे निवडतो, ती नेमकी शहराच्या वेगवेगळ्या टोकांना असतात आणि अर्धा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून आधी स्टेशन ठरवावे आणि तिथे उतरून पायी जेवढे पाहून होईल तेवढेच त्या दिवशी पाहावे, असे माझे मत आहे.

लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे 5 रुपये आहे आणि याहून स्वस्त वाहन या शहरात नाही. ज्यांच्याकडे नोकरीमुळे मासिक किंवा त्रैमासिक पास असतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे की तो पास रविवारीही चालतो. घर आणि कचेरी यांच्यामधले प्रत्येक स्टेशन त्यांना वेगळा खर्च न करता पाहता येते. पासाच्या हद्दीपुढे जायचे असल्यास पुढच्या टप्प्याचे तिकीट आधीच काढून ठेवावे. रेल्वेचे 1, 3 आणि 5 दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते, मात्र ते दिवसभरात अनेकदा चढ-उतार करणाऱ्यालाच परवडते. एकदा जाऊन परत यायचे असेल, तर साधे परतीचे तिकीट पुरे.

रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कोठे व किती वेळ बंद आहेत, ते पाहणे मात्र अत्यावश्यक आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य आणि हार्बर मार्गांवर तो साधारणपणे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो आणि त्याचे तपशील शनिवारच्या वर्तमानपत्रांत येतात. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर ब्लॉक सुरू होण्याआधी पोहोचावे आणि तो उठल्यावरच परतावे. ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागल्याने पश्चिम उपनगरांतून दक्षिण मुंबईत येण्यास दुसरा मार्ग झाला आहे. तिचे भाडे लोकलपेक्षा पुष्कळ जास्त आहे, पण ब्लॉकच्या दिवशी ते देण्यासारखे आहे.

पहिल्या खेपेसाठी मी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) सुचवेन. 2004 साली जागतिक वारशात गेलेली ती इमारत आपण रोज घाईत ओलांडतो. एकदा समोरच्या पदपथावर उभे राहून तिच्याकडे निवांत पाहावे. तेथून हुतात्मा चौकामार्गे काळा घोडा भागात चालत जावे. जहांगीर कलादालन 1952 पासून तिथे आहे आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. ही जागा चित्रे विकत घेणाऱ्या श्रीमंतांची आहे, असे समजून अनेक जण दारावरूनच परततात, याचे मला फार वाईट वाटते. बहुतेक वेळा चित्रकार स्वतः दालनात बसलेला असतो; रंग कोणता वापरला, चित्राला किती दिवस लागले, असे विचारले तर तो आनंदाने सांगतो, आणि मुलांनी विचारले तर अधिकच आनंदाने.

तेथून ओव्हल मैदान गाठावे. मैदानाच्या मधोमध उभे राहिले की पूर्वेला उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर आणि विद्यापीठ अशी एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानींची दगडी रांग दिसते, तर पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: गोलाकार सज्जे, खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्या, दर्शनी भिंतीवर ठसठशीत अक्षरांत कोरलेली नावे. या दोन्ही रांगांना मिळून 2018 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्यांच्यामध्ये मुले टेनिस बॉलने क्रिकेट खेळत असतात. मैदानातून पलीकडे निघाले की चर्चगेट आणि तसेच पुढे मरीन ड्राइव्ह येते. चालून थकवा आला असेल, तर बेस्टच्या दुमजली बसने सीएसएमटीला परतावे. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली, तर तो प्रवास हीच मुलांची मोठी मौज ठरते.

मुले अगदी लहान असतील, तर भायखळा बरे. स्टेशनच्या पूर्वेला दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर राणीची बाग हे प्राणिसंग्रहालय आहे. पेंग्विनसमोर दुपारी गर्दी होते, म्हणून ते सकाळीच पाहून घ्यावेत आणि नंतरचा वेळ झाडांना द्यावा. गोरखचिंच आणि कैलासपती यांसारखी झाडे शहरात इतक्या निवांतपणे फार कमी ठिकाणी पाहायला मिळतात. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, ज्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो पडून फुटला होता. पुढे तुकडे जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.

ग्रँट रोडला उतरल्यास मणिभवन विनाशुल्क पाहता येते. 1917 ते 1934 या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम तिथे असे. तेथून गिरगाव चौपाटी चालण्याच्या अंतरावर आहे. दादरला शिवाजी पार्कचा कट्टा आहेच, शिवाय ज्यांना नाटक पाहायचे आहे त्यांनी शिवाजी मंदिर या नाट्यगृहात बाल्कनीचे तिकीट काढावे. पुढच्या रांगेच्या मानाने ते बरेच स्वस्त पडते आणि संवाद तिथपर्यंत ऐकू येतात.

घरून डबा आणि पाण्याच्या बाटल्या नेल्या, तर खर्च लक्षणीय उतरतो, पण कलादालनात व संग्रहालयात डबा उघडता येत नाही, म्हणून जेवणाची वेळ मैदानात किंवा बागेत येईल असा क्रम लावावा. परतताना चर्चगेट किंवा सीएसएमटीहूनच गाडी धरावी. गाड्या तिथूनच सुटत असल्याने थकलेल्या मुलांना बसायला जागा मिळण्याची शक्यता मधल्या स्टेशनांपेक्षा खूपच जास्त असते.