नवी कोंबडी कळपात सोडताय? या चुका टाळा

नवी कोंबडी आणली, रात्री खुराड्यात ठेवली, सकाळी बघितलं तर डोकं रक्तबंबाळ. ही तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, की जुन्या कोंबड्या इतक्या दुष्ट का? त्या दुष्ट नसतात. कळपात प्रत्येकीची जागा ठरलेली असते: दाण्यावर आधी कोण, दांडीवर कुणी कुठे बसायचं, कुणी कुणाला वाट द्यायची. थॉर्लाइफ शेल्डरूप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२२ साली ही चोचीची उतरंड अभ्यासून मांडली. नवी आली की तिच्या एकटीची जागा ठरत नाही, सगळी उतरंड हलते. ती पुन्हा बसायला वेळ लागतो. पुढच्या बहुतेक चुका हा वेळ वाचवायच्या नादात होतात.

रात्री गुपचूप दांडीवर ठेवणं

ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही, म्हणून रात्री नवीला दांडीवर ठेवा, सकाळी सगळ्यांना वाटेल की ती आधीपासूनच इथे होती. यातली अंधाराची गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. सकाळची गोष्ट साफ चुकीची आहे. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोकं आणि तुरा बघून ओळखतात. फटफटलं की अनोळखी डोकं त्यांच्या लगेच लक्षात येतं.

मग जे घडतं त्याचा क्रम ठरलेला आहे. समजा खुराड्यात आठ जुन्या कोंबड्या आहेत, बाहेरचं दार बंद आहे आणि मालक सात वाजता दार उघडतो. साडेपाचला उजेड येतो. शेजारची मान फुगवते आणि नवीच्या डोक्यावर एक टोच मारते. मोकळ्या जागेत नवी चार पावलं पळाली असती आणि मामला तिथेच मिटला असता, कारण हरलेली पळते आणि जिंकलेली थांबते, असाच या भांडणाचा शेवट होतो. इथे पळायला वाव नाही. ती खाली उतरते, कोपऱ्यात डोकं खुपसून बसते. डोकं लपवलं तरी टाळू उघडी असते आणि टोचे तिथेच बसतात. टाळूवरची कातडी पातळ असते, रक्त लगेच येतं. लाल रंग दिसला की ज्या कोंबड्यांना भांडणात काही रस नव्हता, त्याही टोचायला येतात. सात वाजता दार उघडेपर्यंत दीड तास गेलेला असतो. एवढ्या वेळात टाळू सोलली जाते, कधी डोळा जातो, कधी कोंबडीच जाते.

रात्री ठेवण्यात तसं काही वाईट नाही. फक्त ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आधी ७ ते १४ दिवस जाळीआडची ओळख व्हायला हवी. जुन्यांच्या आवारातच एक कोपरा जाळीने वेगळा करा. जाळी अर्ध्या इंची, चौकोनी, वेल्ड केलेली घ्या. षटकोनी मोठ्या भोकांच्या जाळीतून तुरा सहज टोचला जातो. आत नवीसाठी स्वतंत्र पाणी, खाद्य, सावली आणि बसायला दांडी हवी. पहिले दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंची खाद्याची भांडी जाळीपासून चार-पाच फूट लांब ठेवा, मग रोज थोडी जवळ आणा. शेवटी दोघींची भांडी जाळीला चिकटून, समोरासमोर यायला हवीत. शेजारी खाणं हीच खरी ओळख. जाळीवर कुणी धावून येत नाही, दोन्हीकडच्या कोंबड्या जाळीलगत निवांत धुळीत लोळतात, असं सलग तीन दिवस दिसलं तरच पुढे जा. दहा दिवस होऊनही एखादी जाळीवर झेप घेत असेल तर अजून चार दिवस थांबा. जाळीआडच्या चार जास्तीच्या दिवसांनी आजवर कुठल्याच कोंबडीचं नुकसान झालेलं नाही.

त्यानंतर संध्याकाळी, बसायच्या वेळेच्या तासभर आधी, सगळ्यांना मोकळ्या जागेत एकत्र सोडा. त्या वेळी प्रत्येकीला शेवटचं पोट भरून दांडीवर जायची घाई असते, भांडायला उसंत नसते. रात्री नवी परत तिच्या कोपऱ्यात. हा वेळ रोज वाढवत न्या. तीन-चार दिवस रक्त न येता गेले की मग रात्री तिला दांडीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी दार उघडायला स्वतः हजर राहा. पहाटे उठणं जमणार नसेल तर त्या रात्री ठेवूच नका.

ताजी दिसते म्हणून वेगळी न ठेवणं

दुसरी मोठी चूक. जाळीआडचे दिवस आणि विलगीकरणाचे दिवस एकच, असं अनेक जण धरून चालतात. ते एक नाहीत: आधी विलगीकरण, मग जाळी. जाळीतून हवा जाते, धूळ जाते, शिंक जाते. विलगीकरण म्हणजे निदान ३० दिवस, जुन्या खुराड्यापासून ३०-४० फूट तरी लांब, भांडी वेगळी, झाडू वेगळा, चपलाही वेगळ्या. रोज आधी जुन्यांचं काम उरका, मग नवीकडे जा, मग हात साबणाने धुवा. क्रम उलटा झाला तर एवढी मेहनत वाया जाते.

तीसच दिवस का? मायकोप्लाझ्मासारखा श्वसनाचा आजार कोंबडीच्या अंगात गप्प बसून राहतो. प्रवास, नवी जागा, नवं खाद्य यांचा ताण आला की तो उसळतो, आणि लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. राणीखेत म्हणजे मानमोडीची लक्षणं दिसायला २ ते १५ दिवस जातात. विक्रेत्याकडे कोंबडी टवटवीत दिसत होती, याला म्हणून काहीच अर्थ नाही.

या दिवसांत नुसतं दाणापाणी करून चालत नाही. रोज डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस आहे का, नाक ओलं आहे का, शीट रक्ताळलेली आहे का ते बघा. रात्री सगळं शांत झाल्यावर जवळ उभं राहून श्वास ऐका. दिवसा न कळणारी घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते. आठवड्यातून दोनदा शेपटीखालची पिसं फुंकर मारून उघडा. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. पशुवैद्यांनी सुचवलेली पावडर लावा आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावा. पहिल्या वेळी उवा मरतात, अंडी मरत नाहीत, आणि दुसरा हात न मारल्यामुळेच "पावडरचा उपयोग झाला नाही" असं म्हणायची वेळ येते. पायाचे खवले उचललेले, खडबडीत दिसले तर खाली किडे आहेत. पाय कोमट पाण्याने धुवून, कोरडे करून पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या, आणि हे काही आठवडे नेटाने करत राहा.

शेवटच्या पंधरवड्यात जुन्यांतली एक गरीब स्वभावाची कोंबडी नवीसोबत ठेवणं फार उपयोगाचं. नवी छुपा आजार घेऊन आली असेल तर तो आधी त्या एकीवर दिसतो, सगळा कळप वाचतो. आजार नसेल तर नवीला कळपात शिरताना ओळखीची सोबतीण मिळते.

मार खाणारीला बाहेर काढणं

दया येते, म्हणून बहुतेक जण हेच करतात. रक्त आलं असेल तर काढावंच लागतं: जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, गडद रंगाचं जंतुनाशक लावून लाली झाका, आणि तिला जाळीआड पण सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा. नजरेआड आठवडाभर ठेवलीत तर ती परत येताना पुन्हा परकी असते.

रक्त आलेलं नसेल तर मारणारीला काढा. ती बहुधा एकच असते, आणि बऱ्याचदा ती कळपाची म्होरकी नसते. स्वतःची जागा जायची भीती असलेली, उतरंडीत खालच्या बाजूची कोंबडीही बऱ्याचदा जास्त मारते. म्हणून आधी अर्धा तास लांब बसून बघा, अंदाजाने कुणालाही उचलू नका. तिला तीन-चार दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, कळप दिसणार नाही अशा जागी ठेवा. तेवढ्यात नवी तिच्याविना रुळते, आणि मारकी परत येते तेव्हा तिलाच आपली जागा नव्याने शोधावी लागते. दोघी मारक्या असतील तर दोघींना काढा, पण परत सोडताना दोन दिवसांचं अंतर ठेवा.

आणि प्रत्येक टोचीला धावून जाऊ नका. मान फुगवणं, छातीने ढकलणं, टाळूवर एक टोच, चार पावलं पाठलाग हे सगळं व्हायलाच हवं, त्याशिवाय जागा ठरत नाही. मध्ये पडायची वेळ तीन प्रसंगी येते: रक्त आलं, दोघी-तिघी मिळून एकीला खाली दाबून टोचू लागल्या, किंवा नवीला दिवसभर खाऊ-पिऊ दिलं नाही. तिसरी गोष्ट डोळ्याला दिसत नाही. तिच्यासाठी रात्री दांडीवर नवीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. भरलेली, लिंबाएवढी किंवा मोठी लागली तर ठीक. सलग दोन रात्री रिकामी लागली तर तिला परत जाळीआड घ्या.

बाकीच्या चुका

एकटीच आणणं. सगळा मार एकीवर पडतो. दोघी आणा.

लहान आणणं. आई सोबत नसेल तर आकार जवळपास सारखा होईपर्यंत, म्हणजे साधारण १४ ते १६ आठवड्यांपर्यंत थांबा. त्या वयाची तलंग, म्हणजे अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी, मोठ्यांत सोडली की खाद्याचा प्रश्न येतो: अंडी देणाऱ्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते तलंगांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती खाते.

एकच भांडं. मारकी त्यापाशी उभी राहते आणि नवी उपाशी राहते. खाद्य आणि पाणी निदान दोन-दोन ठिकाणी, एका ठिकाणाहून दुसरं दिसणार नाही असं ठेवा. मधल्या जागेत भिंतीला फळी तिरपी टेकवा, दोन्ही टोकं उघडी. एका बाजूने बंद असलेला खोका आडोसा नसतो, सापळा असतो.

दाटी. खुराड्यात प्रत्येकी ४ चौरस फूट, बाहेर १० चौरस फूट आणि दांडीवर ८ ते १० इंच नसतील तर नवी आणण्याआधी जागा वाढवा. जागाच अपुरी असेल तर वरची कुठलीही काळजी पुरी पडणार नाही.

पिसं झडायच्या दिवसांत सोडणं. नव्याने फुटणाऱ्या पिसांत रक्त असतं, एक तुटलं की टोचाटोची सुरू.

खुडूक बसलेली कोंबडी कित्येक आठवड्यांनी कळपात परतते तेव्हा तिलाही नवीच समजा. दोन-तीन दिवस जाळी लावा.

सगळ्यांना एकच वास यावा म्हणून अंगावर व्हिनेगर शिंपडणं. ओळख डोळ्यांनी होते, वासाचा इथे काही संबंध नाही.

चोचीवर प्लास्टिकची झापडं बसवणं. जागा, भांडी आणि वेळ या तिन्ही गोष्टी करून झाल्याशिवाय याचा विचारही करू नये.

नवी रात्री अंडी घालायच्या खोक्यात झोपते. दांडीवर जागा मिळत नाही म्हणून. संध्याकाळी खोके बंद करा, अंधार पडला की तिला उचलून दांडीच्या टोकाला बसवा. चार-पाच रात्रींत ती स्वतः चढते. सकाळी खोके उघडायला विसरू नका.

जुन्यांची अंडी कमी होतात. आठ-दहा दिवस हे चालतं. दोन आठवड्यांनंतरही अंडी वाढली नाहीत, किंवा सोबत शिंका, सुस्ती, पातळ शीट असेल तर पशुवैद्यांना दाखवा. नवी मात्र तीन-चार आठवडे अंडं देणार नाही, असं गृहीत धरूनच तिला घरी आणा.