अल्कीनच्या रिअॅक्शन: बाणावरचं वाचा, मार्क वाचवा

अकरावीत अल्कीनच्या, म्हणजे कार्बन-कार्बन डबल बाँड असलेल्या संयुगांच्या, रिअॅक्शन घोकून येणारी मुलंही पेपरात फसतात. घोकलेली असते डावी बाजू आणि उजवी बाजू. मधल्या बाणावर काय लिहिलंय, म्हणजे रिअॅक्शन कशाच्या मदतीने आणि कोणत्या परिस्थितीत होते, तिकडे बघायला सवड नसते.

प्रोपीन (तीन कार्बनचं अल्कीन) आणि एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) घ्या. नुसता एचबीआर असेल तर हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर बसतो, ब्रोमीन मधल्यावर, आणि मिळतं २-ब्रोमोप्रोपेन. हा मार्कोव्हनिकॉव्हचा नियम, १८६९ सालापासूनचा. नियमाची ओळ पाठ असते, कारण विचारलं की गाडी अडते. आधी जुळतो तो प्रोटॉन. त्यातून होणारा सेकंडरी कार्बोकॅटायन (धन प्रभार मधल्या कार्बनवर) प्रायमरीपेक्षा (प्रभार टोकाच्या कार्बनवर) स्थिर असतो, एवढंच लिहायचं. बाणावर पेरॉक्साइड आलं की उत्तर फिरतं: १-ब्रोमोप्रोपेन. हाच पेरॉक्साइड इफेक्ट.

खरा सापळा पुढे आहे. पेरॉक्साइड दिसलं की मुलं एचसीएलचंही उत्तर फिरवून टाकतात. पेरॉक्साइड इफेक्ट फक्त एचबीआरला! एचसीएलचा बंध फार मजबूत, पेरॉक्साइडमुळे होणाऱ्या रॅडिकलला (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणाला) तो सहज तुटत नाही. एचआयचा तुटतो, पण आयोडीनचे अणू डबल बाँड सोडून एकमेकांनाच चिकटतात. म्हणून प्रोपीन, एचसीएल आणि पेरॉक्साइड असं विचारलं तरी उत्तर २-क्लोरोप्रोपेनच.

पोटॅशियम परमँगनेट थंड, विरल, अल्कलाइन असेल तर डबल बाँडच्या दोन्ही कार्बनवर एकेक ओएच येतो. गरम आणि अॅसिडिक असेल तर साखळीच तुटते. याच थंड परमँगनेटने डबल बाँड ओळखायच्या बेयर टेस्टमध्ये 'जांभळा रंग जातो' एवढंच लिहून थांबू नका, मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साकाही लिहा.

ओझोनोलिसिसला, म्हणजे ओझोनने डबल बाँड तोडण्याच्या रिअॅक्शनला, मी डबल बाँडवर पेन्सिलने कात्री काढायला सांगतो. कापा, दोन्ही टोकांना ऑक्सिजन लावा. २-मिथाइलप्रोपीनपासून प्रोपेनोन आणि मिथेनल. ब्युट-२-ईनपासून इथेनल, पण दोन रेणू. तो दोनचा आकडा हमखास राहतो. झिंकही विसरू नका. ते नसेल तर तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड अल्डिहाइडचं अॅसिड करून टाकतं.

उजळणी करताना उजवी बाजू झाकण्याऐवजी बाणावरचं झाका. प्रोपीनपासून प्रोपेन-१-ऑल, मध्ये काय? डायबोरेन, मग अल्कलाइन हायड्रोजन पेरॉक्साइड. इथलं पेरॉक्साइड नुसतं ऑक्सिडेशन करतं. पेरॉक्साइड इफेक्टशी त्याचा काडीचा संबंध नाही.