कोकणात पाणी न् वीज वापरताना होणाऱ्या या चुका टाळा

जुलैत आमच्या विहिरीच्या काठावर बसून तांब्याने पाणी घेता येतं आणि एप्रिलच्या शेवटी त्याच विहिरीत कळशी सोडली की तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज येतो. दरवर्षी हेच. आणि दरवर्षी कुणीतरी बोलतंच की कोकणात एवढा पाऊस पडतो मग टँकर कसा काय लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, खरंय, पण तो सगळा चार महिन्यांत होतो आणि उरलेले आठ महिने आपल्याला साठ्यावर काढायचे असतात. पाणी, वीज, गोबरगॅस, सगळीकडे आपण एकच चूक करतो, किती येतं ते बघतो आणि साठतं किती, लागतं कधी, ते बघतच नाही.

पहिली चूक पत्र्याच्या पाण्याची. पन्हळ लावली, पाईप विहिरीत सोडला, झालं रेनवॉटर हार्वेस्टिंग. अहो पण जुलैत विहीर आधीच काठोकाठ भरलेली असेल तर त्यात सोडलेलं पाणी राहणार कुठे? आपला जांभा सच्छिद्र दगड, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पडलेलं पाणी त्यात भराभर मुरतं, खाली चिकणमातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि उताराला झऱ्यातून बाहेर पडून पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, खाडीला जातं, म्हणजे जमीन जेवढ्या पटकन भरते तेवढ्याच पटकन रिकामी पण होते. पत्र्याचं पाणी टाकीत घ्यायचं तर तोही हिशोब करून बघा. 100 चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर होतात, म्हणजे हजार लिटरची टाकी एका सरीत भरली. पाच माणसांचं घर, माणशी 55 लिटर धरले तर रोज 275 लिटर, टाकी चार दिवससुद्धा पुरत नाही. पावसात वापरायला ती टाकी चांगलीच आहे, पण मे महिन्यासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

मे महिन्याचं पाणी अडवायचं असतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. भातकापणी उरकली, पऱ्याची धार बारीक झाली, पण अजून वाहतेय, तेव्हा वनराई बंधारा घालायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, त्यात माती-वाळू, बस. इथे पण लोक चुकतात हां, गोणी गच्च भरतात. गच्च भरलेली गोणी गोल होते, दुसरीवर नीट बसत नाही आणि दोघींच्या मधून पाणी पळतं. अर्ध्याच्या थोडी वर भरायची, सुतळीने तोंड शिवायचं, चिऱ्याची भिंत रचतो तसं सांधेमोड करून रचायची आणि पाण्याच्या बाजूने चिकणमाती न् पेंढा थापायचा. आमच्या वाडीत दहा-बारा माणसं असली की एका सकाळीत होतं. अडलेलं पाणी बाजूच्या जमिनीत मुरत राहतं आणि पऱ्याकाठच्या विहिरींची पातळी उतरायला वेळ लागतो. आमच्याकडे ज्या वर्षी बंधारा घातला नाही त्या वर्षी वाडीतल्या बायकांनी महिनाभर आधीपासून लांबून पाणी आणलंय, ते बघितलंय मी, म्हणून एवढं तळमळीने सांगतोय.

विहीर खारी झाली म्हणून अजून खोल नेऊ नका. ही चूक किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये सर्रास होते. आमच्या शेजारच्या काकी मला म्हणाल्या, "बाबू, पाणी मचूळ लागतंय, अजून दोन रिंगा उतरवून घेते, खाली गोडं लागेल." मी म्हटलं काकी, खाली समुद्र आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड, त्यामुळे किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल तर सपाटीच्या खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं टिकतं. आता हे उलटं करून बघा, वरची पातळी कायमची 1 फूट उतरली तर खालून खारं हळूहळू 40 फूट वर यायला बघतं. पूर्वी रहाटाने पाणी निघायचं, थोडं थोडं, तोवर बाजूने गोडं भरून यायचं. आता 3 एचपीचा पंप अर्ध्या तासात विहीर कोरडी करतो आणि ती रिकामी जागा खारं पाणी भरून काढतं.

मग करायचं काय? पंप लहान घ्या, एकदम दोन तास चालवण्यापेक्षा सकाळी वीस मिनिटं संध्याकाळी वीस मिनिटं असा चालवा, फूटव्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपच्या खालच्या टोकाची झडप, तळाला टेकवू नका, वर घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पाचेकशे रुपयांना मिळतो, तो आणून दर आठवड्याला आकडा कॅलेंडरवर लिहा. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत उत्तम, दुसरी सोय नसेल तर 2000 ही शेवटची हद्द. आकडा चढायला लागला की उपसा कमी करायचा, चव कळेपर्यंत थांबायचं नाही. माडा-पोफळीच्या बागेवर पण लक्ष ठेवा, माड थोडं खारं सोसतो, पोफळ म्हणजे सुपारीचं झाड सोसत नाही, पोफळीची पानं टोकाकडून करपायला लागली की पाणी तपासा. काकींनी रिंगा उतरवल्या नाहीत, पंप बदलला आणि पुढच्या पावसानंतर पाणी बरंच सुधारलं.

आता सोलर. पहिला गोंधळ किलोवॅट आणि युनिटचा. किलोवॅट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे भरलेली बादली. 1 किलोवॅटची धार तासभर चालली की 1 युनिट. तर 3 किलोवॅटचं सोलर स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण 12 युनिट देतं आणि आषाढात आभाळ भरून आलं की त्याच्या निम्मेसुद्धा निघत नाहीत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे म्हणून सगळे डोळे झाकून 3 च घेतात. आधी बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा. महिन्याला 90-100 युनिट जळत असतील तर तुम्हाला 1 किलोवॅट पुरतं.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या घरात झाली. गेल्या वर्षी वादळात लाईट गेली ती तीन दिवस. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, छपरावर पॅनल चमकतायत आणि घरात पंखा बंद, पंप बंद, आई विचारतेय की अरे मग हे एवढे पैसे कशाला घातले. बसवणाऱ्या माणसाने सांगितलंच नव्हतं की ऑनग्रीड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली सिस्टीम, लाईट गेली की आपोआप बंद होते. ते बरोबरच आहे म्हणा, कारण आपली वीज उलटी लाईनवर गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. पण हे आधी सांगायला नको का? जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आपल्या भागात हा विचार आधी करावाच लागतो. लाईट गेल्यावर पण वीज हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर मागा आणि त्यावर पंप, फ्रीज, चार दिवे एवढंच जोडा.

माडाची सावली तर विसरूच नका. एका पॅनलवर झावळीची सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घसरू शकतं, त्यामुळे डिसेंबरात, सूर्य खाली असतो तेव्हा सावली कुठवर येते ते बघूनच जागा ठरवा. खाऱ्या वाऱ्याने काचेवर थर बसतो तो सकाळी काच थंड असताना गोड्या पाण्याने धुवा. लोखंडी सांगाडा जिथे कापलाय, भोक पाडलंय, तिथेच गंज धरतो, तिथे झिंकचा रंग लावून घ्या आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा.

एक गैरसमज म्हाताऱ्या माणसांकडून अजून ऐकतो, वीज काढलेल्या पाण्यात कस राहत नाही, ते शेतीला चालत नाही. कोयना धरणाचं पाणी चिपळूणजवळ पोफळी-अलोरे गावांच्या वीजघरांत वीज तयार करून वाशिष्ठी नदीत येतं, त्याला अवजल म्हणतात, त्याच्याबद्दल असं बोलतात. पाण्यातून काहीही काढलं जात नाही हो. पाणी सह्याद्रीवरून खाली पडतं त्या पडण्याच्या जोरावर टर्बाईन फिरतं, खाली आलेलं पाणी तेच असतं, फक्त उंची गेलेली असते. ते भाताला चालतं, माडाला चालतं, शुद्ध करून प्यायलाही चालतं. एवढं पाणी समुद्राला जातं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोबरगॅसचं थोडक्यात. 1 घनमीटर गॅसला रोज साधारण 25 किलो ताजं शेण लागतं. दोन गाई आहेत, त्याही दिवसभर सड्यावर चरायला जातात, म्हणजे गोठ्यात हाताला लागतं ते फक्त रात्रीचं शेण. आठवडाभर घमेल्याने मोजून बघा आणि मगच प्लांटचा आकार ठरवा. शेण आणि पाणी सारखंच घाला, काडीकचरा काढून टाका आणि गोठा फिनेलने धुतलेलं पाणी प्लांटमध्ये अजिबात जाऊ देऊ नका, आतले जिवाणू मरतात आणि गॅस थांबतो. तसं झालंच तर चार-पाच दिवस काही घालू नका, मग ताजं शेण थोडं थोडं सुरू करा.