लक्षात राहील असा ब्रँड कसा उभारावा

ब्रँड उभारायचा म्हटले की बहुतेक व्यावसायिक सर्वप्रथम लोगो तयार करून घ्यायला धावतात. त्यापूर्वी आपण कोणासाठी काय करतो आणि तेच काम करणाऱ्या इतरांहून आपले वेगळेपण कशात आहे, हे एका साध्या वाक्यात लिहून काढावे. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा’ असे काही उतरले, तर ते खोडून पुन्हा लिहावे, कारण तेच वाक्य प्रतिस्पर्ध्याच्या नावाखालीही तितकेच शोभून दिसेल.

वाक्य ठरल्यावर आपल्या क्षेत्रातील आठ-दहा व्यवसायांचे लोगो, रंग, घोषवाक्ये आणि वेष्टने एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडावीत. एकाच क्षेत्रातील लोक नकळत एकमेकांसारखे दिसू लागतात, हे अशा वेळी ठळकपणे जाणवते. सगळे निळ्या रंगात असतील, तर आपण निळा टाळावा, मग तो कितीही आवडता असो. सुंदर दिसणे आणि वेगळे दिसणे यांत निवड करायची वेळ आली, तर माझा कौल वेगळेपणाला राहील.

नावाच्या बाबतीत घाई महागात पडते. केवळ कामाचे वर्णन करणारे नाव समजायला सोपे असते, परंतु अशा नावाला कायद्याचे संरक्षण मिळणे अवघड जाते, कारण वर्णनाचे शब्द सर्वांनाच वापरता यावेत, अशी व्यापारचिन्हांच्या (ट्रेडमार्कच्या) कायद्याची सर्वसाधारण भूमिका असते. जॉर्ज ईस्टमन यांनी 1888 मध्ये कॅमेऱ्यासाठी नोंदवलेले ‘कोडॅक’ हे नाव पूर्णपणे बनवलेले होते. ते छोटे होते, उच्चारायला सोपे होते आणि दुसऱ्या कशाशी त्याचा गोंधळ होण्याची शक्यता नव्हती. नाव पक्के करण्याआधी व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत शोध घ्यावा. व्यापारचिन्हांच्या नोंदणीसाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणानुसार वस्तूंचे 34 आणि सेवांचे 11 असे एकूण 45 वर्ग आहेत. त्यांपैकी आपला वर्ग कोणता आणि जवळपासच्या वर्गांत मिळतेजुळते नाव आहे का, हे तपासावे. संकेतस्थळाचा पत्ता त्याच वेळी पाहून घ्यावा.

आता ओळखीच्या खुणा. एखादा रंग, अक्षरवळण, आकार, ध्वनी किंवा बोलण्याची ढब यांपैकी दोन-तीनच निवडाव्यात, कारण दहा खुणा वापरल्या तर एकही रुजत नाही. कोका-कोलाने 1915 मध्ये काच-कारखान्यांपुढे ठेवलेली अपेक्षा येथे मार्गदर्शक ठरते: अंधारात हाताला लागली किंवा फुटून जमिनीवर पडली, तरी ओळखू यावी अशी बाटली त्यांना हवी होती. आपल्या जाहिरातीवरील नाव बोटाने झाकावे आणि ती कोणाची आहे हे ओळखीच्या ग्राहकाला विचारावे. उत्तर आले नाही, तर खुणा अजून पुरेशा ठसठशीत झालेल्या नाहीत. लोगो काळ्या-पांढऱ्या छपाईत आणि मोबाइलच्या पडद्यावरील लहानशा चौकोनातही वाचता येतो का, तेही पाहावे.

निवडलेल्या खुणांचे नियम एका पानावर लिहून ते छपाई करणाऱ्यापासून समाजमाध्यमे सांभाळणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला द्यावेत. खरी परीक्षा पुढे असते. मालक रोज तोच लोगो पाहून कंटाळतो, तेव्हा कुठे तो ग्राहकाच्या नजरेत बसू लागलेला असतो. गॅप या वस्त्र कंपनीने 2010 मध्ये जुना लोगो बदलला आणि ग्राहकांच्या नाराजीमुळे सुमारे आठवडाभरात तो परत आणला. बदल करायचाच असेल, तर सर्वाधिक ओळखली जाणारी खूण शाबूत ठेवून बाकीचे हळूहळू बदलावे.

सुरुवातीच्या वाक्यात दिलेला शब्द मात्र दूरध्वनीवरील उत्तरात, देयकात आणि विशेषतः तक्रार हाताळताना पाळला गेला पाहिजे, नाहीतर ठळक खुणांमुळे वाईट अनुभवही तितकाच पक्का लक्षात राहतो. दर सहा महिन्यांनी काही ग्राहकांना आणि काही अनोळखी लोकांना आपले नाव न घेता विचारावे की, या कामासाठी त्यांना प्रथम कोण आठवते, आणि मिळालेली उत्तरे तारखेसह नोंदवून ठेवावीत.